काळ्या पाण्याचं कार्ड

माझा नातू लग्न झाल्यावर बायकोला घेऊन अंदमानला गेला. पुण्याहून विमानानं. रांजणगावच्या कंपनीत आहे, सुट्टी आठच दिवसांची मिळाली, त्यातला अख्खा एक दिवस तुरुंग बघण्यात गेला म्हणाला. मोबाइलवर फोटो पाठवले. एका फोटोत नातसून कोठडीचे गज धरून आत उभी, रडवेलं तोंड करून दाखवतेय, आणि हा बाहेरून हसतोय. खाली लिहिलं होतं, 'आजी, बघ काळं पाणी! पाणी तर निळंशार आहे.' मी उत्तर म्हणून अंगठा पाठवला आणि मोबाइल पालथा ठेवला. पोरांचा काय दोष? आपल्या आजीचा आजोबा त्याच गजांच्या आत बसला होता, हे त्यांना कुणी सांगितलंच नाही. मीच सांगितलं नाही. जन्मभर नर्सबाई म्हणून गावोगाव हिंडले, शंभर घरांतल्या बायकांची गुपितं पोटात ठेवली, त्यातच हेही ठेवलं. आता सत्तरी उलटली. यवतला हायवेच्या कडेला घर आहे, दिवसभर ट्रकांचा घरघराट चालू असतो, झोप तशीही येत नाही. म्हटलं, लिहून टाकावं एकदाचं.

आमचं घर न्हावऱ्याला. घर म्हणजे धाब्याच्या तीन खोल्या, पुढं अंगण, अंगणाच्या एका अंगाला गोठा आणि दुसऱ्या अंगाला कांद्याची चाळ. कांद्याचा वास आमच्या कपड्यांना, केसांना, शाळेच्या पुस्तकांना सुद्धा यायचा, आणि शिरूरला गेलं की तिथली पोरं नाक धरायची. पहाटे आज्जीच्या जात्याची घरघर, मग दादा, म्हणजे माझे वडील, म्हशींची धार काढताना चरवीत पडणारा दुधाचा आवाज, मग विहिरीवरच्या मोटेची कुरकुर. हे तीन आवाज एकामागं एक आले की उठायचं. न्याहारीला ताक-कण्या, दुपारी बाजरीची भाकरी आणि पातीचा कांदा, थंडीत हुलग्याचं माडगं. आज्जी कपाळाला काही लावायची नाही, हातात बांगडी नाही, पांढरं लुगडं. मला वाटायचं आज्ज्या तशाच असतात. आज्जी फटकळ होती. भाकरी करपली तर आईला म्हणायची, "पोरी, भाकरी भाजतीस का मढं?" आणि मग स्वतःच तोंडाला पदर लावून हसायची. तिला असं हसताना मी आबा येईपर्यंतच पाहिलं.

आबा आले तेव्हा मी नऊ-दहा वर्षांची असेन. भर दुपारची वेळ, आज्जी अंगणात बाजरी पाखडत होती. एसटीतून उतरलेला एक काळाभोर, उंच म्हातारा पत्र्याची ट्रंक आणि नारळांचं पोतं घेऊन फाटकाशी उभा राहिला. आत पाऊल टाकेना. मी म्हटलं, "कोन पायजे?" तर त्यानं स्वतःचं नाव सांगितलं, आडनावासकट, आणि विचारलं, "अंदर आऊं? येऊ का आत?" आज्जीचं सूप थांबलं. तिनं मान वर करून त्याच्याकडे बघितलं, बराच वेळ बघितलं. मग आईला हाक मारून म्हणाली, "पाव्हण्याला पानी दे," आणि पुन्हा पाखडायला लागली. चाळीस वर्षांनी नवरा दारात आला आणि ती एवढंच बोलली. पुढं तो मरेपर्यंत ती त्याच्याशी सरळ कधी बोलली नाही. भाकरी मात्र रोज तिनंच वाढली.

झालं होतं असं. आबा ऐन तारुण्यात असताना बैलपोळ्याला मानाचा बैल कुणाचा यावरून भावकीत जुंपली. दरवर्षी आमचा बैल वेशीतून पहिला जायचा, त्या वर्षी चुलतभावानं आपला पुढं काढला. आबांच्या हातात कुऱ्हाड होती, तोरणासाठी आंब्याचे डहाळे तोडायला घेतलेली. चुलतभाऊ जागीच गेला. आबांना जन्मठेप झाली, काळ्या पाण्याची. त्या काळी काळ्या पाण्यावर गेलेला माणूस परत येत नसे, आणि आला तरी समुद्र ओलांडलेला माणूस जातीत घेत नसत. म्हणून भावकीनं सहा महिने वाट बघितली आणि ठरवलं की तो मेला. दर्भाचा पुतळा केला, नदीवर नेऊन जाळला, दहावं-तेरावं घातलं, आणि आज्जीचं कुंकू पुसलं. ती तेव्हा अठरा वर्षांची होती आणि माझे वडील तिच्या मांडीवर दूध पीत होते. हे सगळं मला आईनं सांगितलं, शेण गोळा करता करता, जणू शेजारच्या घरातली गोष्ट असावी असं. माझ्या अंगावर अजून काटा येतो. अरे, माणूस तिकडं जेवतोय, श्वास घेतोय, आणि इकडं त्याची बायको विधवा करून मोकळे! कुणाला काही वाटलं नाही. रीत होती ना.

आबांना जागा मिळाली गोठ्याशेजारच्या खोलीत. दादा त्यांना 'आबा' म्हणत, अहोजाहो करत, पण परक्यासारखं. बापाशी कसं वागायचं हे त्यांना माहीतच नव्हतं बिचाऱ्यांना. राहिले मी. मी शाळेतून आले की गोठ्याकडे पळायची. आबा घायपाताचा वाख घेऊन दोर वळत बसलेले असायचे. हात थांबत नसत त्यांचे. म्हणायचे, "सुमे, तिकडं नारळाचा काथ्या कुटायचा. हाताची सालटी निघायची. आन् साहेबानं वजन कमी भरलं म्हनला की दुसऱ्या दिवशी जादा." त्या तुरुंगाच्या गोष्टी ते सांगायचे त्या तुटक, मधेच हिंदी, मधेच आमच्यापेक्षाही जुनी मराठी, गावात आता कुणी बोलत नाही अशी.

मधोमध मनोरा आणि त्याला सात लांबलचक इमारती, असं ते काडीनं मातीत काढून दाखवायचे. एका इमारतीचं तोंड दुसरीच्या पाठीकडे, म्हणजे समोर बघितलं की भिंतच दिसायची, माणूस नाही. कोठडीचा अडसर बाहेरून भिंतीत लांब नेऊन अडकवलेला, आतून कितीही हात काढा, पोचायचा नाही. पहाटे घंटा, मग गळ्यात लाकडी बिल्ला अडकवून रांगेत उकिडवं बसायचं. बिल्ल्यावर नंबर, कलम आणि सुटकेची तारीख. पेजेत मीठ नसायचं, भाजीत पाल्यापेक्षा अळ्या जास्त. रात्री लागलीच तर मडकं, आणि ते भरलं तर सकाळपर्यंत धरून ठेवायचं. सगळ्यात वाईट तेलाचा घाणा. बैलाच्या जागी माणूस जुंपायचा. खोबरं टाकायचं आणि फिरायचं, फिरायचं, ठरलेलं तेल निघेपर्यंत जेवण नाही. "चक्कर येऊन पडलं की?" मी विचारलं. "पडलं की उठवायचे. उठवणारे बी कैदीच. टिंडाल म्हनायचे, जमादार म्हनायचे. त्येंना बेड्या माफ, म्हनून त्ये साहेबापेक्षा जास्त हानायचे." मग म्हणाले, "पुढं मलाबी टिंडाल केला. मीबी हानलं लोकांना. तुझ्यासारखी कवळी पोरं आणायचे बंगालची, पुस्तकं वाचनारी. त्येंनाबी हानलं." मला रडू आलं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला नाही, काही नाही, दोर वळत राहिले.

शाळेत गुरुजींनी विचारलं, "तुझे आबा क्रांतिकारक होते का गं?" मी छाती काढून "व्हय" म्हणाले. घरी सांगितल्यावर आबा इतके चिडले की त्यांनी हातातला दोर फेकला. "म्या मानूस मारलाय, सुमे. बैलासाठी." तुरुंग त्यांच्या अंगातून गेलाच नव्हता. जेवायला बसले की ताट दोन्ही हातांनी छातीशी धरायचे, चार घासांत संपवायचे. लघवीला जायचं तरी आधी कुणाला तरी विचारायचे, "जाऊ का?" आम्ही भावंडं फिदीफिदी हसायचो. एकदा आज्जीनं चुलीपुढची फुंकणी उचलून आम्हाला बदडलं, सगळ्यांना, ओळीनं.

तुरुंगातून आबा बऱ्याच वर्षांनी बाहेर सुटले, पण बेटावरच. चांगली वागणूक असली की तिकीट मिळायचं, म्हणजे बेटावर मोकळं राहायचं, जमीन कसायची, पण बेट सोडायचं नाही. लग्नाचीही परवानगी असायची, मात्र आधी सरकार गावाकडं कागद पाठवून विचारायचं, घरची बायको इकडं यायला तयार आहे का. आबांच्या कागदावर भावकीनं उत्तर धाडलं की या नावाचा माणूस मयत आहे, त्याचं कार्य झालंय. "आसं कळलं मला, म्या मेलोय म्हनून," आबा म्हणाले आणि खरंच हसले. मग त्यांनी चंपाशी लग्न केलं. ती लखनौकडची, तिनंही सासरी कुणाला तरी विष घातलं होतं म्हणे. दोन खुनी माणसांनी बेटावर सुपारीची बाग लावली, गाय पाळली, एक मुलगी झाली, गुलाब. जपानी आले तेव्हा तिघांनी गवताची मुळं खाऊन दिवस काढले. स्वातंत्र्य आलं, तुरुंग मोकळा झाला, बाकीचे कैदी बोटीनं घरी गेले, आबा गेले नाहीत. त्यांचं घर तिथंच होतं.

मग आलेच कशाला? तर लेकाला एकदा बघायला. मांडीवर सोडलेलं पोर मरायच्या आधी एकदा बघायचं होतं. सहा महिन्यांत परत येतो असं चंपाला सांगून निघाले होते. पण बेटावर परत जायचं तर तिथला रहिवासी असल्याचा कचेरीचा दाखला लागायचा, तो दाखवला तरच मद्रासला बोटीत घ्यायचे. आबांच्या दाखल्याची मुदत वाटेतच संपली. नवा दाखला काढायला चंपा तिकडं कचेरीत खेटे घालत होती आणि आबा इकडं वाट बघत होते. सहा महिन्यांचं वर्ष झालं, वर्षाची दोन झाली. त्यांना या जगात दुसरं काही नको होतं. दाखला यावा आणि चंपाकडं जावं, बस. ट्रंक त्यांनी कधी पुरती उघडलीच नाही.

महिन्या-दीड महिन्यानं बेटावरून पोस्टकार्ड यायचं. चंपा शेजारच्या म्हाताऱ्याकडून लिहून घ्यायची, आणि तो लिहायचा उर्दूत. आमच्या गावात ते कोण वाचणार? मग आबा मला घेऊन एसटीनं शिरूरला जायचे. तिथं उर्दू शाळेतले एक मुन्शीजी होते, ते कार्ड वाचायचे आणि उत्तरही लिहून द्यायचे. आबा बाकावर ताठ बसून ऐकायचे. 'गाय व्याली. सुपारी चांगली आली. साहेब म्हणतो पुढच्या महिन्यात ये. मी दर बोटीला धक्क्यावर जाते.' असलं काहीतरी. परत येताना स्टँडवर मला भेळ घेऊन द्यायचे, कांदा जास्त घालून. घरात कांद्याची चाळ असताना मला त्या भेळेतला कांदाच आवडायचा. दोन वर्षं आमचं हे चाललं होतं आणि मी मनातून देवाला म्हणायची की दाखला येऊ नको दे.

त्या वर्षी शाळेत तिकिटं जमवायचं खूळ आलं. पाटलाच्या पोरीकडं वहीभर तिकिटं, सिलोनची सुद्धा. माझ्याकडं एकही नाही. ती म्हणाली, "काळ्या पाण्याचा शिक्का आण, मग तुला माझ्या शेजारी बसू देईन." आबा कार्डाला हात लावू द्यायचे नाहीत, ट्रंकेत जपून ठेवायचे. आणि नेमकं दुसऱ्याच दिवशी शाळेच्या वाटेवर पोस्टमननं मला थांबवून कार्ड दिलं. "आबास्नी दे गं." मी ते दप्तरात ठेवलं. मधल्या सुट्टीत पट्टी लावून, तिकीट आणि शिक्क्यासकट वरचा कोपरा फाडला. नीट, सरळ फाडला. मजकूर बहुतेक सगळा शाबूत होता. मला वाटलं आबांना कळणारही नाही.

आता जे सांगायचं ते हल्लीच्या पोरांना कळायचं नाही, त्यांना कार्डच माहीत नाही. आमच्याकडे मयताची बातमी कळवायची तर कार्डाचा कोपरा फाडून पाठवत. असं कार्ड उंबऱ्याच्या आत आणायचं नाही, घरात ठेवायचं नाही. बाहेरच वाचायचं, तिथंच फाडून टाकायचं आणि अंगावरच्या कपड्यानिशी आंघोळ करायची. मला हे ठाऊक होतं का? हा प्रश्न मी स्वतःला साठ वर्षं विचारतेय. कानावरून गेलं असणार. पण आमच्या घरी तोवर तसं कार्ड कधी आलं नव्हतं, आणि त्या दिवशी माझ्या डोक्यात फक्त पाटलाच्या पोरीशेजारची जागा होती. आई शपथ सांगते, दुसरं काही नव्हतं.

संध्याकाळी, अजून ऊन होतं, मी फाटकातून ओरडत आले, "आबा, कार्ड!" आज्जी अंगणात होती. तिनं कार्ड बघितलं आणि माझ्या हातावर फाडकन चापट मारली. कार्ड खाली पडलं. "मेले, घरात आनतीस व्हय? कोपरा दिसंना का?" मला काही कळेना. आबा खोलीतून बाहेर आले. त्यांनी जमिनीवरच्या कार्डाकडे बघितलं, वाकले, पण उचललं नाही. उकिडवे बसले आणि म्हणाले, "चंपा." बस, एवढंच. आज्जीनं काडीनं कार्ड ढकलत उकिरड्याशी नेलं, तिथं फाडून बारीक बारीक तुकडे केले. मी म्हणाले, "आज्जी, वाचून तरी..." "काय वाचायचं हाय? कोपऱ्यानं सांगितलं की." आबा उठून विहिरीवर गेले आणि धोतरानिशी डोक्यावर पाणी ओतून घेतलं. एक बादली, दुसरी, तिसरी. दादांनी शेवटी बादली काढून घेतली. मी माझ्या दप्तराला धरून उभी होते. त्या वेळी सांगितलं असतं तर दोन थोबाडीत बसल्या असत्या आणि सगळं निभावलं असतं. तोंडच उघडलं नाही माझं. सकाळी उठून उकिरड्यावर गेले तर कोंबड्यांनी सगळं उकरलेलं, दोन-तीन तुकडे सापडले, शेणात भिजून शाई गेलेले.

नुसती भीती असती तर मी स्वतःला माफ केलं असतं. मला बरंही वाटलं, हे खरं. आबा आता जाणार नाहीत, हे माझ्या लगेच लक्षात आलं होतं. ट्रंक त्यांनी उघडली, कपडे काढून खुंटीला लावले. बाजारला मला बरोबर न्यायला लागले. मी ठरवलं, पुढच्या आठवड्यात सांगू. मग म्हटलं, परीक्षा झाल्यावर.

परीक्षेच्या आधीच पोस्टमन रजिस्टरचं पाकीट घेऊन आला. बेटाहून. आज्जी म्हणाली, "मेल्याल्या मानसाच्या घरचं काय घेऊ नगा, सुतक हाय." दादांनी आबांकडे बघितलं. आबा दोर वळत होते. "तिचं कायतरी धाडलं आसंल शेजाऱ्यांनी," ते म्हणाले. "तिचं तिथंच ऱ्हाऊ द्या. मला न्हाई बघवायचं." पोस्टमन म्हणाला, "मग तसं लिवून देऊ का, घेत न्हाईत म्हनून?" दादांनी सही केली. मी खांबाला टेकून उभी होते, आबांपासून चार हातांवर. 'आबा, घ्या ते,' एवढे तीन शब्द. पण आता सांगायचं तर आधी का नाही सांगितलं तेही सांगावं लागणार होतं. पोस्टमन सायकलवर टांग टाकून गेला. वळणापर्यंत मी त्याच्याकडे बघत होते.

त्यानंतर आबा वर्षभर जगले. जगले म्हणायचं आपलं. दोर सुटला. ताट छातीशी धरून अंगणात उकिडवे बसायचे, शेजारी कुणी नसताना सुद्धा रांगेत बसल्यासारखे. "जाऊ का?" सारखं विचारायचे, आणि आम्ही "जावा की" म्हटलं तरी उठायचे नाहीत. शिरूरला जायचा मी एकदा हट्ट धरला, तर म्हणाले, "आता तिथं माझं काय हाय?" पोळ्याच्या आदल्या दिवशी सकाळी आई चहा घेऊन गेली तर गेलेले होते. भटजी म्हणाले, यांचं कार्य तर झालेलं आहे, पुन्हा काय करायचं? दादांनी गुपचूप अग्नी दिला. भावकीतल्या बायका रीतीप्रमाणे तिच्याभोवती जमल्या आणि नुसत्याच बसून राहिल्या, कारण तिचं पुसायला काही नव्हतंच.

चार महिन्यांनी गुलाब आली. मद्रास मेलनं दौंडला उतरून, एसटीनं, विचारत विचारत. तिशीची बाई, आबांसारखीच उंच, आबांचंच नाक. हातात कापडी पिशवी. आज्जीनं तिला ओळख पटताच ओट्यावर बसवलं, पाणी दिलं, आणि मला हाक मारली, कारण हिंदी मला येत होती, आबांनीच शिकवलेली. गुलाबनं इकडंतिकडं बघत विचारलं, "बाबा कहाँ हैं?" मी सांगितलं. ती एकदम रडली नाही. पिशवीतून पाकीट काढलं, तेच, शिक्के मारलेलं. म्हणाली, यात दाखला आहे. दोन वर्षं अम्मा कचेरीत बसली तेव्हा मिळाला. आधी कार्डानं कळवलं होतं, दाखला निघाला, पाठवतोय, अमक्या बोटीनं या. मग हे परत आलं, घ्यायला नकार म्हणून, तेव्हापासून अम्मानं कार्डं लिहिणंच थांबवलं. "अम्मा ने पूछा है, हमसे क्या ग़लती हुई?"

मी मराठीत सांगितलं तसे दादा उभेच राहिले. "अगं पन ती तर गेली! कार्डाचा कोपरा फाटल्याला हुता."

"अम्मा ज़िंदा है," गुलाब म्हणाली. "हर जहाज़ पर जाती है."

हे भाषांतर करावं लागलं नाही. आज्जी खाली बसली. दादा पुटपुटले, "मग टपालात फाटला आसंल. बोटीत, नाहीतर रेल्वेत." सगळ्यांना ते पटलं. गुलाबलाही पटलं, ती म्हणाली हो, कधी कधी फाटतं. मी तिथंच होते. चौदा वर्षांची घोडी झाले होते, सगळं कळत होतं, आणि तरी नाही सांगितलं. आज्जीला मरेपर्यंत नाही सांगितलं. हे आज पहिल्यांदा लिहितेय.

गुलाब जेवली नाही. आता अम्माला जाऊन कसं सांगू, असं म्हणून रडायला लागली. आज्जीनं पाण्याचा तांब्या तिच्यापुढं सरकवला. मग मला म्हणाली, "हिला म्हनावं, आईला सांगू नगं."

"म्हंजी?" दादा म्हणाले. "आई, मेल्यालं मानूस जितं हाय म्हनून सांगायचं?"

"जितं मानूस मेलंय म्हनून सांगितलंच की मला. तवा कुनी इचारलं न्हाई." आज्जीचा आवाज चढला. "चाळीस वरीस पांढऱ्या कपाळानं भाकऱ्या थापल्या म्या. आन् त्यो तिकडं जेवत हुता, हसत हुता, पोरं काढत हुता. मला कुनी न्हाईच सांगितलं आसतं तर काय बिघडलं आसतं कुनाचं? वाट बघितली आसती म्या. वाट बघत म्हातारी झाली आसती. तेवढं तरी माझं आसतं. हिच्या आईचं तेवढं ऱ्हाऊ दे. म्हनावं, पोरानं चुकून परत धाडलं पाकीट. म्हनावं, पाय मोडलाय, बरा झाला की येतोय. सांग, सुमे. हिंदीत सांग."

मी सांगितलं. गुलाबनं पाकीट पुन्हा पिशवीत घातलं. मग हळूच म्हणाली, "तो अम्मा जाती रहेगी जेट्टी पर."

"जाऊ दे," आज्जी म्हणाली.

गुलाब दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं परत गेली. दोन महिन्यांनी कार्ड आलं, या वेळी देवनागरीत, तिनंच लिहिलेलं. अम्मा विचारतेय, पाय कसा आहे. आज्जीनं ओट्यावर बसून सांगितलं आणि मी लिहिलं, आबांच्या नावानं. पाय सुधारतोय. पाऊस संपला की निघतो. मग पुन्हा कार्ड, पुन्हा उत्तर. सुगी झाली की. डॉक्टर नको म्हणतो. नातीचं लग्न आहे, ते उरकून. अशी किती वर्षं गेली. आज्जी गेली तेव्हा मी लग्न होऊन यवतला आले होते, पदरात पोर होतं. तिच्या दहाव्यानंतर आठवडाभरात दादांनी न्हावऱ्याहून नवं कार्ड माझ्याकडं पाठवून दिलं. अम्मा आता फार थकलीय, तिला नीट दिसत नाही, पण बोटीचा भोंगा ऐकू येतो, असं गुलाबनं लिहिलं होतं, आणि खाली, आता तुम्हीच ठरवा. सांगणारं कुणी उरलं नव्हतं. पोर झोळीत घातलं, कोरं कार्ड घेतलं आणि माझ्या मनानं लिहिलं, 'चंपा, इस जहाज़ से नहीं, अगले जहाज़ से आता हूँ.' त्याचं उत्तर आलं नाही.